सोन्याचा धूर घरात नको

पालघर जिल्ह्यात सोन्याची खाण नाही. मग आरोग्याच्या पानावर सोन्याच्या खाणीचा विषय कशाला, असे कोणी विचारील. त्याचे कारण असे की, सोने दोनदा खणले जाते. एकदा जमिनीतून आणि दुसऱ्यांदा कारागिराच्या केरातून. दागिना घडवताना, कानस मारताना, पॉलिश करताना सोन्याचे बारीक कण उडतात. ते फरशीवर पडतात, कपड्यांना लागतात, हात धुतलेल्या पाण्याबरोबर मोरीत आणि मोरीतून गटारात जातात. हा केर, ही माती आणि हा गाळ धुऊन सोने परत काढणारी माणसे पिढ्यान् पिढ्या आहेत. मराठीत त्यांना झारेकरी म्हणतात. विदर्भातला सोनझारी समाज नदीच्या वाळूतून आणि सराफ्याच्या मातीतून सोन्याचे कण धुऊन काढत आला. मुंबईच्या झवेरी बाजारात आजही दुकानांपुढची धूळ कुंचल्याने गोळा करणारी माणसे दिसतात.

आपल्या पट्ट्याचाही या धंद्याशी संबंध आहे. चिंचणी-डहाणूकडे दागिन्यांचे साचे, म्हणजे डाय, गावोगाव बनतात. माकुणसारसारख्या गावातून सफाळे किंवा केळवे रोड स्टेशन गाठून आपली मुले मुंबईकडची गाडी पकडतात. कोणी मालाडला इमिटेशनच्या गाळ्यात, कोणी अंधेरीला सीप्झमध्ये, कोणी थेट झवेरी बाजारात कामाला जातो. शेठ एखादे काम नगावर घरी करायला देतो. चार पैसे जास्त मिळतात म्हणून आपण ते घेतो. पोट भरणाऱ्या माणसाला नावे ठेवायला आम्ही हे लिहीत नाही. पण या कामात जे विष आहे ते डोळ्यांना दिसत नाही आणि पुष्कळदा नाकालाही कळत नाही. म्हणून ते आधी ओळखून ठेवले पाहिजे.

लक्षात ठेवायला सोपे जावे म्हणून आम्ही त्याचे तीन भाग करतो. धूर, धूळ आणि टाकी.

पहिला धोका : पाऱ्याचा धूर

सोन्याचा कण मातीत इतका बारीक असतो की हाताने वेचता येत नाही. म्हणून धुतलेल्या मातीत पारा घालतात. पारा सोन्याला धरतो, मातीला धरत नाही. मग तो फडक्यातून पिळतात. जास्तीचा पारा गळून जातो आणि फडक्यात पांढरट गोळा उरतो. त्या गोळ्यात सोने आणि पारा दोन्ही असतात. हा गोळा मुशीत किंवा पळीत घालून शेगडीवर, स्टोव्हवर किंवा गॅसच्या बर्नरने तापवतात. पारा वाफ होऊन उडतो आणि सोने खाली राहते.

जगभर लहान खाणीत काम करणारे लोक सोने असेच काढतात. आफ्रिका, दक्षिण अमेरिका, इंडोनेशिया, फिलिपाईन्स अशा देशांत मिळून दीड ते दोन कोटी माणसे हे काम करतात. त्यांतली चाळीस ते पन्नास लाख बायका आणि मुले आहेत. माणसाच्या हातून हवेत जितका पारा जातो, त्यातला सगळ्यात मोठा वाटा या लहान सोनेखाणींचा आहे. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण विभागाच्या हिशेबाप्रमाणे तो शंभरात अडतीस इतका येतो.

पारा उडाला म्हणजे गेला, असे वाटते. तो कुठेही जात नाही. उडालेला पारा छताच्या पत्र्याला, भिंतीला, गोधडीला, पिठाच्या डब्याला लागतो आणि थंड झाला की तिथेच बसतो. दुपारी पत्रा तापला की पुन्हा उडतो. म्हणजे गोळा एकदा तापवला आणि धूर मात्र महिनोन् महिने घरात राहिला, असे होते. साध्या खोलीच्या उष्णतेलाही पारा थोडाथोडा उडतच असतो. त्याच्या वाफेला रंग नाही आणि वास नाही.

बैठकीत एक प्रश्न हमखास येतो. “सिस्टर, माझ्या लहानपणी थर्मामीटर फुटून पारा पोटात गेला होता. काही झालं नाही. मग आता एवढी भीती कशाला?” प्रश्न बरोबर आहे. गिळलेला चकचकीत पारा आतड्यातून जवळजवळ शोषलाच जात नाही, तो शौचावाटे बाहेर पडतो. पण वाफ होऊन श्वासात गेलेल्या पाऱ्यापैकी शंभरातले ऐंशी भाग फुफ्फुसातून रक्तात जातात. रक्तातून तो मेंदूत आणि मूत्रपिंडात जाऊन बसतो. म्हणून हातात घेतलेल्या पाऱ्यापेक्षा तापवलेल्या पाऱ्याला जास्त भ्यावे.

बंद खोलीत एकदम खूप धूर गेला तर काही तासांत खोकला, छातीत आवळल्यासारखे, ताप, थंडी आणि तोंडात लोखंडासारखी चव येते. घरच्यांना वाटते फ्लू झाला. डॉक्टरांना वाटते न्यूमोनिया. अशी माणसे दगावतातही. रोज थोडाथोडा धूर गेला तर लक्षणे हळूहळू येतात आणि ती ‘स्वभाव बदलला’ अशा रूपात येतात :

- हात थरथरतात. चहाचा कप धरवत नाही, सुईत दोरा ओवता येत नाही, सही बदलते.
- झोप लागत नाही, विसरायला होते.
- माणूस चिडचिडा होतो, नाहीतर लाजाळू होऊन कोपऱ्यात बसतो.
- हिरड्या सुजतात, रक्त येते, दात हलतात, तोंडाला लाळ सुटते.
- लघवीला फेस येतो, सकाळी डोळ्यांभोवती आणि संध्याकाळी पायांवर सूज दिसते. ही मूत्रपिंड बिघडल्याची खूण असू शकते.

थरथरणाऱ्या हातांच्या माणसाला वस्तीत लोक दारुडा म्हणतात. चिडणाऱ्या बाईला ‘अंगात आलं’ म्हणून कुठे कुठे नेले जाते. आधी तिच्या घरात काय तापते ते पाहा.

बाळ आणि बाळंतीण

पाऱ्याची वाफ गर्भवती बाईच्या वारेतून बाळापर्यंत जाते. दुधातूनही काही अंश जातो. बाळाचा मेंदू त्या वेळी घडत असतो, म्हणून जो धूर मोठ्या माणसाला नुसता त्रास देतो तो बाळाचे कायमचे नुकसान करू शकतो. रांगणारे मूल तर सगळ्यात धोक्यात असते. फरशीवर सांडलेल्या पाऱ्याच्या सगळ्यात जवळ तेच असते, त्याचा श्वास मोठ्यापेक्षा जलद असतो आणि हात सतत तोंडात असतो. लहान मुलाचे तळहात-तळपाय गुलाबी होऊन सोलतात, ते सारखे रडते, घाम येतो, उजेड सहन होत नाही, अशी तक्रार असेल आणि घरात पाऱ्याचे काम होत असेल तर ते डॉक्टरांना लगेच सांगा.

पाण्यात गेलेल्या पाऱ्याची गोष्ट वेगळी आहे. जपानमधल्या मिनामाता या मच्छीमारांच्या गावात कारखान्याने पारा असलेले सांडपाणी समुद्रात सोडले. तो माशांत गेला आणि माशांतून माणसांत. १९५६ साली हा आजार अधिकृतपणे नोंदला गेला. तिथे आई वरून धडधाकट दिसे आणि तिच्या पोटी जन्मलेले मूल मात्र अपंग असे. आपणही खाडीकाठची माणसे आहोत. धुतलेल्या मातीचे पाणी आणि उरलेला पारा गटारात ओतला तर तो शेवटी खाडीत, आणि खाडीतून बोईट-निवट्यांत जाणार.

त्याच गावाच्या नावाने २०१३ साली पाऱ्यावरचा आंतरराष्ट्रीय करार झाला. भारताने २०१८ साली त्याला मान्यता दिली. लहान सोनेखाणीतल्या ज्या चार पद्धती सगळ्यात वाईट म्हणून बंद करायच्या ठरल्या, त्यांत दोन अशा आहेत : सोने-पाऱ्याचा गोळा उघड्यावर तापवणे आणि तो राहत्या वस्तीत तापवणे. या कामाला जगाने वस्तीत जागा ठेवलेली नाही. मग आपल्या स्वयंपाकघरात ते का चालावे?

तेजाब आणि केडीएम

पाऱ्याखेरीज दोन धूर आणखी आहेत. सोने शुद्ध करायला तेजाब, म्हणजे नायट्रिक ॲसिड वापरतात. धातूवर ते पडले की विटकरी रंगाचा धूर निघतो. घसा खवखवतो, खोकला येतो आणि मोकळ्या हवेत गेले की बरे वाटते. इथेच माणूस फसतो. या धुराने फुफ्फुसात पाणी भरते, पण ते लगेच भरत नाही. काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी धाप लागते. संध्याकाळी बरा वाटणारा माणूस पहाटे गुदमरतो. म्हणून विटकरी धूर छातीत गेलेल्या माणसाला ‘आता बरं आहे’ म्हणून झोपवू नका. दवाखान्यात न्या आणि किमान एक दिवस डॉक्टरांच्या नजरेखाली ठेवा.

तेजाब अंगावर उडाले तर कपडे काढून वाहत्या पाण्याखाली किमान वीस मिनिटे धरा. सोडा, हळद, टूथपेस्ट काही लावू नका. डोळ्यात गेले तर पापणी उघडी धरून पाणी सोडत राहा आणि मग दवाखान्यात पळा. तेजाब पातळ करायचे असेल तर पाण्यात तेजाब हळूहळू ओततात. तेजाबात पाणी कधीही ओतू नये, ते उसळून तोंडावर येते.

दुसरा धूर कॅडमियमचा. पूर्वी सोन्याचा डाग लावायला कॅडमियम मिसळत, म्हणून ‘केडीएम’चे सोने हा शब्द दुकानांवर दिसे. डाग लावताना कॅडमियमचा धूर कारागिराच्या छातीत जातो. त्याने फुफ्फुसे आणि मूत्रपिंडे खराब होतात, हाडे ठिसूळ होतात. त्याच्या बदली जस्ताचा डाग चालतो. गाळ्यात कशाने डाग लावतात हे विचारणे हा आपल्या मुलाचा हक्क आहे.

मुलामा देण्याच्या कामात सायनाईडचे क्षार असतात. त्यांत तेजाब मिसळले तर निघणारा वायू काही मिनिटांत जीव घेतो. दोन्ही बाटल्या एका फळीवर ठेवू नका, आणि कोणतेही रसायन पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत ठेवू नका. बोईसर-तारापूरच्या कारखान्यांतून भंगारात आलेले रसायनाचे कॅन धुऊन पाणी भरायला वापरण्याची आपल्याकडे सवय आहे. ती मोडायला हवी. प्लास्टिकमध्ये शिरलेले रसायन धुतल्याने जात नाही.

दुसरा धोका : धूळ

कर्नाटकातल्या कोलारच्या सोन्याच्या खाणी जगातल्या सगळ्यात खोल खाणींपैकी होत्या. तीन किलोमीटरहून खोल. त्यांत उतरणारे बहुसंख्य मजूर तमिळ मुलखातून आलेले दलित होते. अयोथी दास यांनी १८९८ साली काढलेल्या शाक्य बौद्ध संघाची शाखा याच खाणवस्तीत, मारिकुप्पमला होती. बाबासाहेबांच्या धम्मदीक्षेच्या कितीतरी आधी सोने खणणाऱ्या मजुरांनी बुद्धाचा रस्ता धरला होता. म्हणून कोलारची गोष्ट आपल्याला परकी नाही.

त्या मजुरांच्या छातीत काय भरले होते? १९४० ते १९४६ या काळात तिथल्या साडेसात हजारांहून अधिक कामगारांची तपासणी झाली. शंभरातल्या चाळीसहून जास्त जणांना सिलिकोसिस निघाला. दगड फोडताना आणि दळताना जी बारीक काचेसारखी धूळ उडते, ती फुफ्फुसात रुतते आणि तिथे वण होतात. फुफ्फुस दगडासारखे घट्ट होत जाते. या आजाराला औषध नाही. धूळ थांबवणे एवढाच इलाज आहे. २००१ साली त्या खाणी बंद झाल्या. वस्तीशेजारी दळलेल्या दगडाच्या मातीचे डोंगर मात्र राहिले आणि वाऱ्याबरोबर त्यांची धूळ घरांत येत राहिली.

आपल्याकडे हीच धूळ दगडखाणीत आणि क्रशरवर आहे, आणि दागिन्याच्या ओतकामात साच्यासाठी वापरतात त्या पांढऱ्या पावडरीतही आहे. ती कोरडी मिसळताना आणि साचा फोडताना उडते. सिलिकोसिसची लक्षणे टीबीसारखी असतात : कोरडा खोकला, दम, वजन घटणे. शिवाय सिलिकोसिस झालेल्याला टीबीही लवकर धरतो. म्हणून टीबीचा पूर्ण कोर्स करूनही दम जात नसेल, किंवा टीबी पुन्हा पुन्हा होत असेल, तर डॉक्टरांना विचारा, “धुळीच्या कामाचा हा आजार असेल का?”

ही धूळ कामाच्या जागी थांबत नाही, ती माणसाबरोबर घरी येते. २०१० साली नायजेरियाच्या झामफारा भागात असेच घडले. सोन्याच्या दगडात शिसे होते. लोकांनी ते दगड घराच्या अंगणात दळले, धान्य दळायची यंत्रे त्यासाठी वापरली. धूळ घरात, अन्नात आणि मुलांच्या हातांना लागली. शिशाच्या विषबाधेने चारशेहून अधिक लहान मुले मेली. मुलांना झटके येत होते आणि आईबापांना मलेरिया वाटत होता. मुले खाणीत गेली नव्हती. खाण त्यांच्या अंगणात आली होती.

यातून आपण घ्यायचे ते इतकेच :

- कामाचे कपडे कामावरच बदला. घरी आणलेच तर वेगळ्या पिशवीत आणा, वेगळे धुवा आणि झटकू नका.
- घरी आल्यावर आधी हातपाय-तोंड धुवा, मग लेकरू उचला.
- कामाच्या जागी झाडू मारू नका. ओल्या फडक्याने पुसा. कोरडी माती धुण्याआधी भिजवा.
- स्वयंपाकाची पळी, खलबत्ता, मिक्सर कामाला वापरू नका, आणि कामाची भांडी स्वयंपाकाला नको.
- गूळ खाल्ला की धूळ निघून जाते असे म्हणतात. गूळ पोटात जातो, धूळ फुफ्फुसात असते. दोघांची गाठ पडत नाही.
- एन-९५ मास्क धुळीला चालतो. पाऱ्याच्या वाफेला, तेजाबाच्या धुराला तो अडवत नाही. रुमाल तर कशालाच अडवत नाही.

तिसरा धोका : टाकी

दागिन्याच्या कारखान्यात हात धुण्याचे, पॉलिशचे पाणी एका टाकीत साठवतात. तळाच्या गाळात सोन्या-चांदीचे कण असतात. ठरावीक दिवसांनी तो गाळ उपसतात. मे २०२५ मध्ये जयपूरच्या एका दागिने कारखान्यात अशीच टाकी उपसायला कामगार उतरले आणि चार जण मरण पावले. आत सोने होते, पण त्यावर विषारी वायू साचलेला होता.

टाकीत कुजलेल्या गाळाचा वायू असतो. थोडा असेल तर सडक्या अंड्याचा वास येतो. जास्त असेल तर नाकच मरते, वास येईनासा होतो आणि माणसाला वाटते की हवा साफ आहे. दोन-चार श्वासांत तो खाली कोसळतो. त्याला काढायला दुसरा उतरतो आणि तोही पडतो. अशा घटनांत वाचवायला गेलेले पुष्कळदा जास्त मरतात. काडी पेटवून बघणे, कंदील सोडून बघणे यावर विसंबू नका. काही वायू भडकाही घेतात.

म्हणून नियम एकच. टाकीत उतरायचे नाही. गाळ पंपाने वर काढायचा. कोणी आत पडला तर आरडाओरडा करा, अग्निशमन दलाला आणि १०८ ला फोन करा, हवा आत सोडता आली तर सोडा, पण स्वतः उतरू नका. हे सांगताना आम्हाला कळते की आत आपला भाऊ असेल तर पाय थांबणार नाहीत. तरीही हे घरात आधीच बोलून ठेवा.

टाकी उपसायला कोणाला बोलावतात हे आपल्याला माहीत आहे. सोने शेठचे, गाळ आपला, असा हा जुना हिशेब आहे. २०१३ च्या कायद्याने सुरक्षा साधने न देता गटारात, सेप्टिक टाकीत माणूस उतरवणे गुन्हा ठरवले आहे. गटारात मृत्यू झाला तर तीस लाख रुपये भरपाई द्यावी, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये सांगितले. ‘शेठने पाच लाख देतो म्हटलं, आम्ही सही केली’ असे होऊ नये. आधी पोलिसांत गुन्हा नोंदवा.

पारा सांडला तर

घरात पारा सांडला तर मुले, गर्भवती बाई आणि कोंबड्या-शेरडे बाहेर काढा. खिडक्या-दारे उघडा. अंगठी, मंगळसूत्र काढून ठेवा, कारण पारा सोन्याला चिकटतो. झाडू लावू नका, त्याने थेंब फुटून आणखी पसरतात. जाड पुठ्ठ्याने थेंब एकत्र ढकला, बारीक कण चिकटपट्टीने टिपा. सगळे जाड प्लास्टिकच्या बाटलीत घाला, वर पाणी ओता, झाकण घट्ट लावा, बाटलीवर ‘पारा – विष’ असे लिहा. मोरीत ओतू नका, चुलीत टाकू नका. गोधडीवर सांडला असेल तर ती गोधडी पुन्हा अंगावर घेऊ नका. बाटली ग्रामपंचायतीकडे किंवा नगरपरिषदेकडे घातक कचरा म्हणून द्या.

कामच सोडायचे का?

सगळ्यांना ते जमणार नाही, हे आम्ही जाणतो. मग निदान एवढे करा. माती धुण्यापर्यंतचे काम ओल्यात होते, त्यात धोका कमी. गोळा तापवण्याचे काम घरी घेऊ नका. ते शेठच्या जागी, धुराडे असलेल्या भट्टीवर होऊ द्या. तिथेही उघडी मूस नको. बंद भांडे आणि त्याला थंड पाण्यातून जाणारी नळी असे साधन मिळते. त्यात पाऱ्याची वाफ पुन्हा पारा होऊन खाली जमते. त्याने कामगार वाचतो आणि पाराही वाया जात नाही. शेठला हा दुसरा फायदा आधी सांगा, तो लवकर ऐकेल. पाऱ्याशिवायही काम होते. फिलिपाईन्समधल्या बेंगेट भागातले लहान खाणकामगार चांगली धुतलेली माती टाकणखारासह वितळवून सोने काढतात. टाकणखार तर आपल्या सोनारांकडे आधीपासून आहेच.

एकट्या बाईने ‘घरी तापवणार नाही’ म्हटले तर शेठ काम दुसऱ्या घरी देतो. दहा घरांनी मिळून म्हटले तर त्याला ऐकावे लागते. बचत गटाच्या बैठकीत, विहारातल्या रविवारच्या वंदनेनंतर हा विषय पाच मिनिटे घ्या.

केसपेपरवर कामाचे नाव

आम्ही दवाखान्यांत वर्षानुवर्षे काम केले. केसपेपरवर नाव, वय, पत्ता, तक्रार असते. माणूस काय काम करतो हे क्वचित लिहिले जाते. पाऱ्याच्या रोग्याला झोपेच्या गोळ्या आणि सिलिकोसिसच्या रोग्याला खोकल्याचे औषध मिळते ते यामुळे. म्हणून विचारले नाही तरी सांगा : “मी सोन्याची माती धुतो. पारा तापवतो. इतकी वर्षे झाली.” आणि ते केसपेपरवर लिहून घ्या. पुढे भरपाई मागायची वेळ आली तर हाच कागद उपयोगी पडतो.

पाऱ्याचे प्रमाण लघवीच्या तपासणीत कळते. नुकताच धूर गेला असेल तर रक्तातही कळते. ही तपासणी गावच्या केंद्रात होत नाही, मोठ्या सरकारी रुग्णालयात चिठ्ठी मागा. पण लघवीतले प्रथिन, रक्तदाब, छातीचा एक्सरे आणि थुंकीची तपासणी जवळ होते. तेवढ्यापासून सुरुवात करा. पारा अंगातून काढणारी औषधे आहेत, पण ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायची, आणि घरातला धूर बंद केल्याशिवाय त्यांचा उपयोग नाही. ‘विष उतरवणारी’ भस्मे घेऊ नका, त्यांतल्या काहींत पाराच असतो. विषबाधेची शंका असेल तर दिल्लीच्या एम्सचे विष माहिती केंद्र १८०० ११६ ११७ या फुकट नंबरावर सल्ला देते.

गाळ्यात दहा किंवा जास्त कामगार असतील आणि पगार महिना २१ हजारांच्या आत असेल तर ईएसआयचे कार्ड मिळायला हवे. पाऱ्याची विषबाधा आणि सिलिकोसिस हे दोन्ही आजार कायद्याने कामाचे आजार म्हणून मान्य केलेले आहेत, त्यांची भरपाई मागता येते. घरी नगावर काम करणाऱ्यांचे नाव कुठल्याच हजेरीपटावर नसते. त्यांनी निदान ई-श्रम कार्ड काढावे, आणि शेठ माल देतो-घेतो त्याची तारीख, नग, पैसे एका वहीत लिहून ठेवावेत. मालकाचा कागद नसेल तेव्हा आपली वही कागद होते.

बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरखाते सांभाळत होते. डिसेंबर १९४३ मध्ये ते धनबादकडच्या कोळसा खाणीत स्वतः उतरले आणि मजूर कसे राबतात, कुठे राहतात ते त्यांनी पाहिले. मजुराच्या आरोग्याची गोष्ट त्यांनी दयेवर सोडली नाही, कायद्यात आणली. आपल्यालाही या आठवड्यात तेवढेच पाहायचे आहे. आपल्या घरात, शेजारच्या घरात काय तापते, काय दळले जाते, कोण कुठल्या टाकीत उतरते, ते जाऊन पाहा. जिथे पाळण्याशेजारी मूस दिसेल तिथे भांडू नका. मूस बाहेर न्यायला मदत करा, आणि त्या बाईबरोबर दवाखान्यात जा.